शाळकरी मुलांची वसतिगृहे : सुरक्षा तपासणी आणि दुखापतीनंतरची कर्तव्ये

नाशिक जिल्ह्यातील वणी हे दिंडोरी तालुक्यातील, सप्तशृंगी गडाच्या वाटेवरील बाजारपेठेचे गाव होय. भोवतालचा परिसर द्राक्षे, टोमॅटो व भाजीपाल्याचा. सुरगाणा, पेठ या डोंगराळ तालुक्यांतील अनेक आदिवासी कुटुंबे हंगामात मजुरीसाठी दिंडोरी-निफाड पट्ट्यात येतात. आईवडील मळ्यावर आणि मुले शाळेत, अशी विभागणी झाली की मुलांचा सांभाळ आश्रमशाळा, वसतिगृह अथवा शाळा सुटल्यानंतर चालणारा अभ्यासवर्ग यांच्याकडे येतो. महाराष्ट्रात आदिवासी विकास विभागाच्या सुमारे ५०० शासकीय व सुमारे ५५० अनुदानित आश्रमशाळा असून या विभागाचे आयुक्तालय नाशिक येथेच आहे. याशिवाय स्वयंसेवी व धार्मिक संस्थांची वसतिगृहे निराळी.

अशा ठिकाणी मुलाला दुखापत झाली तर धावून जाणारे आईवडील जवळ नसतात. त्यांच्या जागी अधीक्षक, स्वयंपाकी, पहारेकरी, धर्मभगिनी अथवा शिक्षक असतात. म्हणून धोका आधी हेरणे आणि दुखापत झाल्यास योग्य कृती करणे ही दोन्ही कर्तव्ये संस्थेवर येतात. ही दोन कर्तव्ये एकमेकांपासून वेगळी नाहीत. आज नोंदलेली दुखापत ही उद्याच्या तपासणीची पहिली ओळ ठरली पाहिजे, हेच या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

तपासणीमागील कायदा

काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांच्या निवासी संस्थांना बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ लागू होतो. त्याच्या कलम ४१ प्रमाणे संस्थेची नोंदणी आवश्यक आहे. कलम ५४ प्रमाणे राज्य शासनाने नेमलेल्या तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यावयाची असते. या पथकात किमान तीन सदस्य असावेत, त्यांत एक स्त्री व एक वैद्यकीय अधिकारी असणे बंधनकारक आहे. भेटीचा अहवाल एका आठवड्यात सादर करावयाचा असतो. आश्रमशाळांची तपासणी आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयामार्फत होते.

अग्निसुरक्षेसाठी महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. ज्या इमारतींना तो लागू होतो, त्यांच्या मालकाने आग प्रतिबंधक साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावयाचे असते. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. म्हणजे शिक्षेमुळे झालेली दुखापत हा ‘अपघात’ म्हणून नोंदवताच येत नाही.

हे नियम दुःखद अनुभवांतून आले आहेत. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे एका शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून आग भडकली, गवती छप्पर पेटले आणि ९४ बालके मृत्युमुखी पडली. त्या अनुषंगाने सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ च्या निकालात सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगून अग्निशामक साधने, कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण व इमारतींची तपासणी यांबाबत आदेश दिले. आपल्या राज्यात २०१६ साली तत्कालीन राज्यपाल विद्यासागर राव यांच्या पुढाकाराने, आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंचा अभ्यास करण्यासाठी डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली होती. मृत्यू झाल्यानंतर समिती नेमावी लागू नये, यासाठीच दैनंदिन तपासणी असते.

पाहणी करताना काय पाहावे

शासकीय पथक तीन महिन्यांनी येते, गळका नळ किंवा उघडी वायर मात्र रोज तेथेच असते. म्हणून संस्थेने स्वतःची पाहणी तीन टप्प्यांत करावी : रोज एक फेरी, महिन्यातून एकदा सविस्तर पाहणी आणि शाळा सुरू होण्यापूर्वी, जून महिन्याच्या आत, संपूर्ण इमारतीची तपासणी. वणी परिसरात पुढील बाबींकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

१. झोपण्याची जागा. पावसाळ्यात साप कोरड्या जागेच्या शोधात घरात शिरतात. मण्यार रात्री फिरते व जमिनीवर झोपलेल्यांना दंश करते. मुलांना खाटा द्याव्यात, मच्छरदाणी गादीखाली खोचलेली असावी, दाराखालच्या फटी व भिंतींची बिळे बुजवावीत. सरपणाचा ढीग व उंदरांना बोलावणारा धान्यसाठा शयनगृहापासून दूर असावा. रात्री शौचालयाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा हवा.

२. कीटकनाशके. द्राक्षपट्ट्यात औषधांचे रिकामे डबे सहज हाती लागतात. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेलाचा वास वेगळा येत असल्याचे स्वयंपाकी महिलेच्या लक्षात आले होते, तरीही जेवण वाढले गेले. यातून दोन नियम निघतात. औषधाचा डबा कितीही धुतला तरी तो स्वयंपाकघरात येऊ नये. आणि मुलांना वाढण्यापूर्वी जेवण मोठ्या माणसांनी चाखून पाहावे, तसेच स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या शंकेला वजन द्यावे.

३. वीज, गॅस व पाणी. उघड्या वायरी, तुटलेले स्विच, पाणी तापविण्याच्या कांड्या, पाण्याच्या मोटारीची जोडणी पाहावी. गॅसच्या टाक्या बाहेर, हवेशीर जागी असाव्यात. विहीर, शेततळे व टाकी यांना कुंपण वा झाकण हवे. द्राक्षबागांच्या शेततळ्यांत प्लास्टिकचे अस्तर असते, त्यावरून पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर येणे कठीण जाते.

४. बाहेर पडण्याची वाट. शयनगृहाला किमान दोन दारे असावीत व रात्री त्यांना बाहेरून कुलूप नसावे. खिडकीचे गज निखळता येण्याजोगे आहेत का, हेही पाहावे. मुलांकडून सत्रातून एकदा तरी बाहेर पडण्याचा सराव करून घ्यावा, त्यातला एक सराव अंधारात असावा.

पाहणीच्या नोंदवहीत दोष, त्याची जबाबदारी असलेल्या व्यक्तीचे नाव, दुरुस्तीची मुदत व दुरुस्ती झाल्याची तारीख असे चार रकाने असावेत. ‘सर्व ठीक’ असा शेरा व सही एवढीच नोंद असेल, तर ती पाहणी झालीच नाही असे समजावे.

दुखापत झाल्यावर

पहिले काम इतर मुलांना बाजूला करून धोका थांबविणे, दुसरे मदत बोलाविणे, तिसरे प्रथमोपचार. रुग्णवाहिकेसाठी १०८ व सर्व तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. वणी येथे ग्रामीण रुग्णालय आहे. गंभीर रुग्णास सुमारे ४० किलोमीटरवरील नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे लागते. चैत्रोत्सव व शारदीय नवरात्रात गडाकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मोठी गर्दी असते. अशा दिवसांसाठी पर्यायी वाट व वाहन आधीच ठरवून ठेवावे.

सर्पदंश : मुलाला शांत ठेवावे, दंशाचा अवयव फळीच्या आधाराने स्थिर करावा व थेट रुग्णालयात न्यावे. चिरा देणे, रक्त चोखणे, घट्ट दोरी बांधणे, मांत्रिकाकडे नेणे यांत अमोल वेळ जातो. मण्यारीचा दंश दुखत नाही व खूणही दिसत नाही. जमिनीवर झोपलेले मूल पहाटे पोटदुखीने उठले, पापण्या जड झाल्या, बोलणे अडखळले, तर सर्पदंशाची शंका घ्यावी. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशाविरुद्ध राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात आहे.

विंचूदंश : घाम, उलट्या, हातपाय गार पडणे ही धोक्याची चिन्हे होत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या संशोधनामुळे प्राझोसिन या औषधाने अनेकांचे प्राण वाचले. ते औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाचे असते, म्हणून रुग्णालय गाठणे महत्त्वाचे.

भाजणे : वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे. बर्फ, शाई, टूथपेस्ट, हळद लावू नये. फोड फोडू नयेत.

विजेचा धक्का : प्रथम मुख्य स्विच बंद करावा, मगच मुलाला हात लावावा.

विषबाधा : कीटकनाशक पोटात गेल्यास उलटी करवू नये. अंगावर सांडले असल्यास कपडे काढून साबणाने धुवावे. डब्याचे लेबल डॉक्टरांना दाखवावे.

डोक्याला मार : उलट्या, गुंगी, झटके, कानानाकातून रक्त वा पाणी येणे यांपैकी काहीही दिसल्यास त्वरित न्यावे. मूल बरे दिसले तरी दोन दिवस, विशेषतः पहिल्या रात्री, लक्ष ठेवावे.

‘पोलीस केस’ होईल या भीतीने कोणीही थांबू नये. आधी उपचार, मग कागदपत्रे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा प्रकरणातच स्पष्ट केले आहे.

पालकांना कळविणे व नोंद ठेवणे

मुलाच्या आईवडिलांना त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर, संस्थेच्या जबाबदार व्यक्तीने स्वतः कळवावे. मजुरीसाठी गाव सोडलेल्या पालकांचा पत्ता हंगामाप्रमाणे बदलतो, म्हणून मळ्याच्या मालकाचा अथवा मुकादमाचा दूरध्वनी दर हंगामात नव्याने लिहून घ्यावा.

नोंदीत वेळ, जागा, काय घडले, त्या वेळी जवळ कोण होते, कोणता उपचार केला, पालकांना केव्हा कळविले हे त्याच दिवशी लिहावे. ही नोंद उपचारासाठी उपयोगी पडते. तसेच शालेय विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राजीव गांधी विद्यार्थी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेसारख्या साहाय्यासाठी अर्ज करताना कागदोपत्री पुरावा लागतो. नोंदच नसेल तर गरीब पालकांचा हक्क बुडतो.

दुखापतीची खूण व सांगितलेले कारण जुळत नसेल, अथवा मूल कोणाला घाबरत असेल, तर त्याला एकांतात, शांतपणे ऐकून घ्यावे. लैंगिक अत्याचाराची शंका असल्यास लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळविणे प्रत्येकाला बंधनकारक आहे. संस्थेतल्या संस्थेत चौकशी करून ते टाळता येत नाही, संस्था कोणाचीही असो. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालील व्यक्तीचा असा अपराध कळविला नाही, तर त्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. मुलांसाठी १०९८ हा मदत क्रमांक आहे. तो भिंतीवर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लिहिलेला असावा.

पालकांनी व धर्मग्रामस्थांनी विचारावयाचे प्रश्न

मुलाला वसतिगृहात ठेवताना फी व जेवण यांबरोबर पुढील गोष्टीही विचाराव्यात. रात्री मुलांसोबत कोण झोपते? खाटा पुरेशा आहेत का? रात्री दोन वाजता मूल आजारी पडल्यास वाहन कोणते? प्रथमोपचाराचे प्रशिक्षण कोणी घेतले आहे? मागील तपासणीत कोणते दोष निघाले व त्यांतील किती दूर झाले? गेल्या वर्षी कोणत्या दुखापती झाल्या?

शेवटच्या प्रश्नाला ‘एकही नाही’ असे उत्तर मिळाल्यास निश्चिंत होऊ नये. शंभर मुले खेळतात, धावतात, तेथे खरचटणारच. नोंदवही कोरी असेल, तर लिहिण्याची सवय नाही असाच त्याचा अर्थ संभवतो. उलट, ‘तीन मुले न्हाणीघरात घसरली, म्हणून आम्ही फरशी बदलली’ असे सांगणारी संस्था अधिक विश्वासार्ह मानावी. धर्मग्रामातील परिचारिका, वीजतंत्री, गवंडी, निवृत्त शिक्षक यांनी जूनपूर्वी एक दिवस आपल्या परिसरातील वसतिगृहासाठी दिल्यास पाहणीचे मोठे काम होऊ शकते. दुसऱ्याने आपल्या भरवशावर सोडलेले मूल रात्री सुखरूप झोपावे, यासाठी एवढी तसदी अवश्य घ्यावी.