कारची पॉवर सीट हलेना? आधी कान लावा, मग फ्यूज बघा

मागच्या महिन्यातली गोष्ट. कोरेगाव भीमाला घरी गेलो होतो. संध्याकाळी गाडी वॉशिंग सेंटरवरून धुऊन आणली आणि ड्रायव्हर सीट जागीच बसली. माझी उंची सहा फूट, त्यामुळे सीट पार मागे. सकाळी सहाला बाबांना शिरूरला निघायचं होतं आणि त्यांचा पाय ब्रेकपर्यंत पुरत नव्हता. ते म्हणाले, "पाठीमागं उशी लावतो, जाईन." मी म्हटलं, "बाबा, थांबा जरा." नगर रोडवर कंटेनरमागे जोरात ब्रेक मारताना उशी सरकली तर पेडल अर्धंच दाबलं जाणार. म्हणून मोबाइलचा टॉर्च घेऊन बसलो.

आधी सीट चालते कशी ते बघू. सीटखाली 12 व्होल्टच्या छोट्या मोटर असतात: पुढे-मागे, उंची, पाठ, प्रत्येकाला एक. साध्या पॉवर सीटमध्ये बटण फक्त प्लस-मायनस उलटं करतं, की मोटर उलटी फिरते. म्हणजे पुढे नेणारी आणि मागे आणणारी मोटर एकच! त्यामुळे सीट पुढे जाते पण मागे येत नसेल तर मोटर बदलायला सांगणाऱ्याला हे आधी विचारा. दोष बहुतेक वेळा बटणात असतो, नाहीतर रुळात काहीतरी अडकलेलं असतं.

आता बटण दाबा आणि ऐका. (काही गाड्यांत इग्निशन चालू असेल तरच सीट हलते, तेवढं बघून घ्या.) मोटर घुर्रर्र करते पण सीट हलत नाही, तर वीज पोचतेय, आतला गियर किंवा केबल गेलीय. ते काम मेकॅनिकचं. फक्त एकच हालचाल बंद असेल तर त्या बाजूचं बटण किंवा मोटर. आणि सगळंच शांत असेल तर फ्यूज, अर्थिंग किंवा सीटखालचा कनेक्टर.

एक सोपी युक्ती. अंधारात आतला दिवा लावा आणि बटण दाबा. दिवा किंचित मंद झाला पण सीट हलली नाही, तर मोटर जोर लावतेय पण जाम आहे. लगेच बटण सोडा आणि रुळात पाण्याची बाटली, नाणं, चार्जरची वायर अडकलीय का बघा. दिवा जराही मंद झाला नाही तर वीज मोटरपर्यंत जातच नाहीये. आमचा दिवा ढिम्म होता.

मग फ्यूज. कुठला ते मॅन्युअलमध्ये किंवा फ्यूज बॉक्सच्या झाकणावर असतं. झाकणाचा फोटो काढून झूम करा, अक्षरं फार बारीक असतात. सीटला बऱ्याचदा 30 अँपिअरचा हिरवा फ्यूज असतो. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. मोठा टाकला तर फ्यूजऐवजी वायर जळेल. नवीनही लगेच उडाला तर शॉर्ट आहे, तिथेच थांबा. काही गाड्यांत फ्यूजऐवजी आपोआप पूर्ववत होणारा ब्रेकर असतो. सीट खूप वेळ हलवल्यावर बंद पडली असेल तर थोडा वेळ थांबून परत बघा.

आमचा फ्यूज चांगला होता. गाडी बंद केली, चावी काढली आणि मोबाइल सीटखाली सरकवून व्हिडिओ घेतला. सीट मागे होती म्हणून पुढून जागा मिळाली. ती पुढे अडकली असेल तर मागच्या बाजूने घ्या. व्हिडिओत दिसलं, काळा कनेक्टर अर्धा बाहेर आलेला. व्हॅक्यूमच्या पाइपने ओढला गेला असावा. 'टक्' आवाज येईपर्यंत दाबला, सीट चालू!

पण पिवळ्या कनेक्टरला हात लावू नका. पिवळा रंग सहसा एअरबॅगच्या वायरिंगचा. सीटच्या साइड एअरबॅगची किंवा सीटबेल्टची वायर तिथे असू शकते. तो निघालेला दिसला किंवा डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला तर गाडी सर्व्हिस सेंटरलाच न्या.

मेमरी सीटचं प्रकरण वेगळं. तिथे मध्ये कंट्रोल युनिट असतं, आणि बॅटरी काढल्यावर काही गाड्यांत सीट पुन्हा शिकवावी लागते. पद्धत मॅन्युअलमध्ये असते. चाकणला बनलेल्या एक्सयूव्ही 700 सारख्या गाड्यांत चढता-उतरताना सीट आपोआप मागे सरकते. तो बिघाड नाही, सेटिंगमधून बंद करता येतं.

सीट चालू झाल्यावर बाबा स्टीअरिंगला चिकटूनच बसले. छाती आणि स्टीअरिंगच्या मध्यात निदान 25 सेंटिमीटर अंतर हवं, असं अमेरिकेची एनएचटीएसए ही संस्था सांगते, कारण एअरबॅग प्रचंड वेगाने उघडते. टेपने मोजलं, सीट थोडी मागे, थोडी वर घेतली, पाठ जरा कलती केली. ब्रेक पूर्ण दाबून दाखवला त्यांनी, आणि सकाळी सहाला निघाले.