अपवर्तन आणि वऱ्हाडचें एक गणिती घराणें

बीजगणितांतील अपूर्णांकास संक्षिप्त रूप द्यावयाचें असतां अंशाचे व छेदाचे अवयव पाडावे आणि उभयतांस साधारण असलेला अवयव काढून टाकावा, हा विधि शाळेंत गेलेल्या प्रत्येकास ठाऊक असतो. परंतु तो अवयव काढण्याचा अधिकार आपणांस कोठून प्राप्त होतो, हा प्रश्न थोड्यांसच पडतो. मूळच्या वऱ्हाडांतील एका घराण्यानें त्याचा विचार चार शतकांहून अधिक काळापूर्वीं केला होता.

एलिचपूर, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यांतील अचलपूर, याच्या प्रदेशांत पयोष्णीच्या तीरीं असलेलें दधिग्राम हें या ज्योतिषी घराण्याचें मूळ गांव. अमरावती व अकोला जिल्ह्यांतून वाहणारी पूर्णा तीच ही पयोष्णी, असें मानितात. या कुळांतील बल्लाळ काशीस जाऊन राहिले. त्यांचे पुत्र रंगनाथ यांनीं १६०३ सालीं सूर्यसिद्धांतावर टीका लिहिली. रंगनाथांचे पुत्र मुनीश्वर यांनीं लीलावतीवर लिहिली. बल्लाळांचे दुसरे पुत्र, म्हणजे रंगनाथांचे बंधु, कृष्ण दैवज्ञ यांस जहांगीर बादशहाचा आश्रय होता. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर १६०० च्या सुमारास त्यांनीं ‘बीजपल्लव’ ही टीका रचिली. नुसता अर्थ सांगून न थांबतां प्रत्येक रीतीची उपपत्ति देणें, हा तिचा विशेष होय.

साधारण अवयवानें भागून संख्या लहान करणें यास आपल्या शास्त्रांत ‘अपवर्तन’ म्हणतात. लीलावतींत (११५०) कुट्टकाचें एक उदाहरण आहे: २२१ यांस कोणत्या संख्येनें गुणून ६५ मिळविले असतां १९५ यांनीं निःशेष भाग जाईल? तिन्ही संख्यांस १३ नें भागिलें म्हणजे १७, ५ व १५ उरतात, आणि गुणक ५ सहज सांपडतो. अपवर्तन केलेल्या भाज्य-भाजकांस ‘दृढ’ म्हणत. जुन्या अंकगणितांतील ‘दृढभाजक’ हा शब्द त्याच कुळांतला. कृष्ण दैवज्ञ येथें कारण सांगतात: भाज्य व भाजक एकाच संख्येनें अपवर्तिले तर भागाकार बदलत नाहीं, बाकी मात्र त्याच प्रमाणांत लहान होते.

अक्षरांविषयींही हेंच. वर्गांतरास राशींच्या अंतरानें भागिलें असतां योग येतो, असें लीलावतींत सांगितलें आहे. सात हात बाजूच्या चौरसांतून पांच हातांचा चौरस एका कोपऱ्यांतून कापून घ्यावा. दोन हात रुंदीच्या, सात व पांच हात लांबीच्या दोन पट्ट्या उरतात. त्या टोकास टोक जोडल्या म्हणजे लांबी बारा व रुंदी दोन असा आयत होतो. अंतर दोन, योग बारा. दोन काढले कीं बारा उरतात.

हें न उमगलेला विद्यार्थी (क + ३) ÷ (ख + ३) यांतील दोन्ही ३ खोडून मोकळा होतो. क = १ व ख = २ घेतल्यास खरें उत्तर ४/५ येतें, त्याचें १/२! येथें ३ हा मिळविलेला अंश आहे, गुणणारा अवयव नव्हे.

आणखी एक सावधगिरी हवी. शून्यानें गुणून शून्यानेंच भागिलेली राशि अविकृत राहते, असें भास्कराचार्यांनींही म्हटलें आहे. आजचें गणित तें मान्य करीत नाहीं. म्हणून (क² − ख²) ÷ (क − ख) याचें क + ख असें रूप करितांना क व ख समान नाहींत, एवढें पाहिलेंच पाहिजे. आपल्या मुलानें पाटीवर अक्षर खोडलें, तर ‘कां खोडलेंस?’ असें घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं त्यास अवश्य विचारावें. दधिग्रामच्या या घराण्याचा वारसा आपल्याकडे चालावयाचा तो याच प्रश्नानें.