टिळकांच्या घरातलं कार्ड आणि काडतुसाची व्याख्या

रबाळ्याहून तुमचा कोडवाला होस्ट. एका श्रोत्याने विचारलं होतं, "आजोबांच्या बंदुकीची रिकामी काडतुसं आणि टोप्या घरात आहेत. बंदूक तर नाहीच, मग ओएलएक्सवर विकल्या तर काय बिघडलं?" उत्तर देतो, पण आधी जरा मागे जाऊ या.

१८७८. व्हाइसरॉय लिटनचा शस्त्र कायदा. भारतीयांना हत्यार ठेवायचं तर लायसन्स, युरोपियनांना मात्र सूट. हे शाळेत वाचलेलं असतं. पण त्यातली 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या कुणी वाचत नाही. तिच्यात डायनामाइट आहे, चकमकीची गारगोटी आहे, बंदुकीची टोपी आहे, दारूगोळ्याचे सगळे सुटे भाग आहेत आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा आहेत. शिसं, गंधक आणि सोरा मात्र स्पष्टपणे वगळलेत. साहजिक आहे, या वस्तू इतर अनेक धंद्यांत लागतात. आमच्या भाषेत सांगायचं तर व्याख्या हेच फंक्शन. तिच्यात काय बसतं त्यावर कोण तुरुंगात जाणार ते ठरतं.

आता १९०८. मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर ८ जूनला स्फोटक पदार्थांचा कायदा आला. इथे व्याख्या पसरली: स्फोटक बनवायला लागणारं कुठलंही साहित्य, उपकरण, त्याचा भागसुद्धा. दुसऱ्याच दिवशी 'केसरी'त 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हा अग्रलेख आला. २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली. पुण्याच्या घराच्या झडतीत एक कार्ड सापडलं, त्यावर स्फोटकांवरच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावं होती. सरकारी पक्षाने ते पुरावा म्हणून पुढे केलं. टिळकांचं म्हणणं साधं होतं: नव्या कायद्यातल्या व्याख्येवर टीका करायची, तर विषय वाचायला नको? २२ जुलैला ज्युरीने ७ विरुद्ध २ मतांनी दोषी ठरवलं आणि न्यायमूर्ती दावर यांनी ६ वर्षांची शिक्षा दिली. खटला राजद्रोहाचा होता, कार्डाचा नव्हे. पण व्याख्या इतकी रुंद असली की वस्तू तर सोडाच, पुस्तकाचं नावही संशयाचं होतं, हे त्या कार्डावरून कळतं.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. युरोपियनांची सूट गेली, पण 'सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रं' हे शब्द तसेच राहिले. म्हणजे टोपी किंवा काडतूस भरायचं यंत्र हे निव्वळ भंगार नाही. कलम ४५ मध्ये एक खिडकी आहे: किरकोळ भाग, जे पूरक भागांसोबत वापरायचा इरादाच नाही, ते बाळगायला सूट. पण नीट वाचा. ती घेणं, बाळगणं आणि नेणं यांना आहे, विक्रीला नाही.

खाजगी विक्रीची वाट कलम ५ मध्ये आहे. स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर बाळगलेली वस्तू, ती बाळगायचा हक्क असलेल्यालाच विकता येते. लायसन्स लागणाऱ्या मालासाठी जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला खरेदीदाराच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचं आणि किमान ४५ दिवस थांबायचं. आयुक्तालय असलेल्या आपल्या नवी मुंबईत जिल्हाधिकाऱ्याच्या जागी पोलीस आयुक्त. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा विक्रीला किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप.

तर मित्रा, गोम 'कायदेशीर बाळगलेली' या शब्दांत आहे. लायसन्स आजोबांचं होतं, तुझं नाही. ते गेल्यावर असा माल विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायचा असतो, कलम २१. ओएलएक्सवर फोटो टाकू नकोस. आधी वकिलाला फोन कर, मग ठाण्यात जा आणि जमा केल्याची पावती जपून ठेव.

भेटू पुढच्या भागात!