लघु-अनियतकालिके व पराभूत नायक
प्रस्थापित मासिकांची अभिरुची नाकारणाऱ्या मराठी लेखकांनी अल्प खर्चात काढलेली, अनियमितपणे प्रसिद्ध होणारी प्रकाशने म्हणजे लघु-अनियतकालिके. ‘शब्द’ (१९५४) हे त्यांतील एक आरंभीचे. ॲलन गिन्झबर्गप्रभृती अमेरिकन बीट लेखकांशी या लेखकांचे साधर्म्य सांगितले जाते. तथापि येथील बंडाची कारणे वेगळी होती. याच वातावरणातील भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ (१९६३) या कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकून, अपयशी होऊन खेड्यात परततो. घर सोडून रस्ता धरणाऱ्या बीट नायकाच्या उलट ही दिशा होय. नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) या काव्यसंग्रहातील माणसाला मात्र परतण्यास गावच नाही. बीट लेखकांनी परकेपण बव्हंशी स्वतः निवडले. दलित लेखकांच्या वाट्यास ते जन्मतः आले. त्यामुळे मराठी विद्रोहाला व्यक्तिगत वैफल्यापलीकडचा सामाजिक आशय लाभला.