सुप्याचे दप्तर आणि आसुडातील लष्कर

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश लष्करी सत्तेचे चित्रण म्हटले की तोफेच्या तोंडी बांधलेल्या बंडवाल्यांचे चित्र आठवते. व्हेरेश्चागिन या रशियन चित्रकाराने ते सुमारे १८८४ मध्ये रंगविले. त्यातील गोऱ्या शिपायांचे गणवेश मात्र १८५७ चे नसून चित्रकाराच्या स्वतःच्या काळातले आहेत. ही चूक अर्थपूर्ण म्हणावी अशी आहे. पण तोफ हे झाले दृश्य. भीमा आणि नीरा यांच्या मधला मुलूख त्या दृश्याने सांभाळला गेला नाही. इंदापुरात १८३० च्या दशकात विंगेट हा लष्करी इंजिनिअर आला तो मोजणीची साखळी घेऊन. गोल्डस्मिडसह त्याने केलेल्या जमाबंदीने रयतेचा भार हलका झाला; तीस वर्षांनी, १८६७ च्या फेरआकारणीत, तो पुन्हा चढला.

१२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्याला (तेव्हा तालुका भीमथडी, आज बारामती) कुणब्यांनी गुजर सावकारांची घरे-दुकाने गाठली. मागणी होती ती खतांची आणि रोख्यांची; कागद हाती आले की त्यांची होळी होई. लोण नगर जिल्ह्यात पसरले, पोलिसांच्या मदतीला लष्कर आले. ज्या भीमथडीच्या तट्टांवर मराठ्यांच्या फौजा दौडल्या, तिथेच आता घोडदळ यायचे ते बंदोबस्तासाठी.

या घटनेचे सर्वांत विस्तृत कथन चौकशी आयोगाच्या अहवालात आहे. अहवाल ही ललितकृती नव्हे, तरी त्याला कथानक आहे: एका बाजूस कर्जबाजारी कुणबी, दुसऱ्या बाजूस लोभी सावकार, आणि दोघांच्या वर तटस्थ सरकार. वाढलेला सारा या कथानकात गौण ठरतो. लष्कर येते ते शेवटी, शांतता प्रस्थापित करण्यापुरते. १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा याच कथानकातून निघाला. दप्तर जाळणाऱ्यांची गोष्ट अखेर दप्तरानेच सांगितली.

या पार्श्वभूमीवर जोतीराव फुल्यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) वाचला पाहिजे. त्याची गणना निबंधात होते, पण लष्कराच्या प्रतिमेचा विचार करता समकालीन मराठीत त्याच्या जोडीला ठेवावे असे लेखन क्वचितच सापडेल. अहवालात पडद्याआड राहिलेला शिपाई इथे रंगमंचावर येतो, तोही शेतकऱ्याच्या साऱ्यावर पोसला जाणारा म्हणून. आणि मग फुले एक विलक्षण सूचना करतात: काळ्या-गोऱ्या लष्कराकडून आणि पोलीसखात्यातील फालतू शिपायांकडून ताली, बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल. इंदापूरसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात ही सूचना नुसता उपरोध राहत नाही. दहशतीचे साधन असलेले हात इथे मातीकामाला जुंपलेले दिसतात. वासाहतिक चित्रकलेत शिपाई मारतो किंवा मरतो; कुदळ घेतलेला शिपाई तिला सुचला नाही. (सुरुवातीची प्रकरणे छापून लोखंड्यांच्या ‘दीनबंधू’ने उरलेली थांबविली, हे इथे नोंदविण्याजोगे आहे.)

पाच वर्षांनी, २ मार्च १८८८ रोजी, पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ मेजवानी झाली. ड्यूक हा राणीचा पुत्र, शिवाय मुंबई लष्कराचा सरसेनापती. दागदागिन्यांनी मढलेल्या त्या मंडळींत फुले शेतकऱ्याच्या वेशात येऊन बसले आणि खरी रयत खेड्यांत आहे असे त्याला सांगितले.