‘स्कॅनर कुठंय?’

वडापाव हातात घेतला की गिऱ्हाईक विचारतं, “स्कॅनर कुठंय?” गाडीवाला झाऱ्यानंच समोरच्या पाटीकडे खूण करतो. खरं तर स्कॅनर गिऱ्हाइकाच्याच खिशात असतो. गाडीवर असतो तो नुसता छापील कागद. पण नाव उलटं पडलं आणि रुळलंही. या काळ्या-पांढऱ्या चौकोनाची सगळी कहाणीच अशी आहे: करणाऱ्यानं एक योजलं, वापरणाऱ्यांनी भलतंच केलं.

मुळात तो जन्मला पेट्यांसाठी. जपानमध्ये टोयोटाला मोटारीचे सुटे भाग पुरवणाऱ्या डेन्सो कंपनीत प्रत्येक पेटीवर बारकोड असे. त्या उभ्या रेघांचा दुकानातला प्रवास १९७४ साली अमेरिकेतल्या ओहायोत च्युइंगगमच्या पुड्यापासून सुरू झाला होता. त्यांत जेमतेम वीस अक्षरं मावत. भागांचे प्रकार वाढले, तसे एकेका पेटीवर दहा-दहा बारकोड आले आणि ते वाचता वाचता कामगार वैतागले. तक्रार मासाहिरो हारा या इंजिनिअरपर्यंत पोचली.

हारा जेवणाच्या सुट्टीत ‘गो’ खेळत. पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या आडव्या-उभ्या दोन्ही अंगांनी मांडलेल्या. माहितीही तशीच मांडली तर? मावली असती, पण एवढ्या छपाईतून कोड नेमका कुठं आहे, हे यंत्राला कसं कळणार? त्यासाठी तीन कोपऱ्यांत तीन चौकोन ठेवायचं ठरलं. तसाच आकार शेजारच्या मजकुरात निघाला तर यंत्र फसेल, म्हणून हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यानं मासिकं, जाहिरातपत्रकं, पुठ्ठ्याची खोकी अक्षरशः चाळली आणि छपाईत सर्वांत क्वचित आढळणारं काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण हुडकलं: १:१:३:१:१. फोन तिरका धरला तरी आज कोड वाचला जातो, तो या चिकाटीमुळे.

१९९४ मध्ये क्यूआर कोड जाहीर झाला. कंपनीनं पेटंट घेतलं, पण वापरणाऱ्यांकडून पैसे मागितले नाहीत. हा निर्णय मला शोधाइतकाच मोठा वाटतो. २००२ मध्ये जपानमध्ये कोड वाचणारे मोबाइल आले आणि चौकोन कारखान्याबाहेर पडला. वेल्समधल्या मॉनमथ गावानं २०१२ मध्ये जुन्या वास्तूंवर, दुकानांवर कोडच्या पाट्या लावल्या. पाटी एकच, पण प्रवाशाच्या फोनची भाषा ओळखून विकिपीडियाचा लेख त्या भाषेत उघडायचा.

आपल्याकडे भाषेच्याच अडचणीतून वाट निघाली ती सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत. रणजितसिंह डिसले २००९ मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले, तेव्हा शाळा गोठा आणि कोठीघर यांच्या मधे अडकलेली पडकी इमारत होती. मुलांच्या घरची भाषा कन्नड. पुस्तकं वेगळ्या भाषेत. डिसले गुरुजी स्वतः कन्नड शिकले, पाठ्यपुस्तकं त्या भाषेत उतरवली आणि पानापानांवर कोड छापले. पालकांचा मोबाइल कोडवर धरला की कविता ऐकू यायची, धड्याचा व्हिडिओ दिसायचा. पुढं राज्यभरच्या पाठ्यपुस्तकांत कोड आले. २०२० मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटली.

२०१६ मध्ये यूपीआय आलं आणि हाच चौकोन भाजीच्या पाटीवर, रिक्षात, चांभाराच्या पेटीवर जाऊन बसला. लबाडही मागोमाग आलेच. दुकानदाराच्या कोडवर आपला कोड चिकटवायला कितीसा वेळ लागतो? म्हणून पैसे आल्याचं मोठ्यानं सांगणारा डबा काउंटरवर आला.

कारखान्यात ग्रीस लागणार, कागद फाटणार, हे धरून हारांनी कोडमध्ये दुरुस्तीची सोय ठेवली होती. सर्वांत भक्कम प्रकारात सुमारे तीस टक्के भाग खराब झाला तरी माहिती परत जुळते. त्यामुळे तेलाचे शिंतोडे उडालेला, कडा उचकटलेला गाडीवरचा ‘स्कॅनर’ बिनबोभाट चालतो. कोपऱ्यातल्या तीन चौकोनांपैकी एखाद्यावर चटणी सांडलीच, तर गाडीवाला तो फडक्यानं पुसून देतो.