फ्यूजची तार

मंडळी, शाळेत इतिहास शिकवताना मी राजांच्या सनावळ्या पुष्कळ घोकून घेतल्या. आज भिंतीवरच्या एका छोट्या इतिहासाबद्दल लिहितो.

एडिसनने १८८० साली फ्यूजचे पेटंट घेतले. कल्पना साधी. प्रवाह मर्यादेबाहेर गेला, की बारीक तारेने वितळायचे आणि घराने वाचायचे! पण तार किती जाड, हे ती बांधणाऱ्याच्या हाती राहिले. फ्यूज सारखा उडतो म्हणून तांब्याची जाड तार पिळून बसवणारे महाभाग गल्लोगल्ली असत. मग फ्यूज शाबूत राही आणि भिंतीतली वायर तापे.

जर्मनीत मानहाइमला ह्यूगो श्टोत्स यांच्या कारखान्यातून १९२४ साली यावर उतारा निघाला. जास्त प्रवाह आला की आपोआप पडणारा खटका, म्हणजेच आपला एमसीबी. तार बांधायची भानगडच संपली. मात्र तो वायरला वाचवतो. माणसाला शॉकपासून वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. गेलेला आणि परतलेला प्रवाह जुळला नाही, की तो क्षणात वीज तोडतो.

लाकडी बोर्ड, चिनीमातीची किटकॅट, कापडी वेष्टणाच्या वायरी दिसल्या, की बोर्ड जुना समजावा. न्यूट्रलवरही फ्यूज असेल तर जास्तच धोका. तो उडाला की दिवा विझतो, पण वायरीत वीज असतेच.

आपल्या गावच्या घरी हे सारे अजून आहे. भावंडांनो, दिवाळीला नातवंडे जमण्याआधी परवानाधारक वायरमनकडून बोर्ड बदलून घेऊ, वायरिंग आणि अर्थिंगही तपासून घेऊ. जुना बोर्ड आठवण म्हणून माळ्यावर ठेवू.